अरणगावची टेकडी आणि लंडनच्या तबकड्या

‘रोलिंग स्टोन’ या अमेरिकी संगीत पाक्षिकाच्या २६ नोव्हेंबर १९७० च्या अंकाच्या मुखपृष्ठावर मेहेरबाबा होते. ज्या पाक्षिकाच्या मुखपृष्ठावर एरवी गिटार घेतलेली, केस वाढवलेली तरुण मुले दिसायची, तिथे नगर जिल्ह्यातल्या अरणगावच्या टेकडीवर पावणेदोन वर्षांपूर्वी समाधिस्थ झालेले हे सत्पुरुष होते. आतला लेख लिहिला होता ‘द हू’ या ब्रिटिश रॉक बँडचा गिटारवादक आणि मुख्य गीतकार पीट टाउनशेंड याने. तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता. बँडच्या ‘टॉमी’ या रॉक ऑपेराने त्याला जगभर नाव मिळवून दिले होते, आणि त्या नावाचा पहिला मोठा उपयोग त्याने आपल्या गुरूविषयी लिहिण्यासाठी केला.

पुढची पाने या लेखाच्या आसपासच्या दहा वर्षांची आहेत. साधारण १९६७ ते १९७७ या काळात लंडनमधले काही रॉक संगीतकार मेहेरबाबांकडे ओढले गेले. त्यांनी गाणी केली, तबकड्या काढल्या, मुलाखती दिल्या, नियतकालिकांत लिहिले. इंग्रजीत या विषयावर पुष्कळ लिखाण आहे. पण त्यातले बहुतेक सगळे टाउनशेंडकडून सुरू होते आणि त्याच्यापाशीच संपते. नगर त्यात एखाद्या नावापुरते येते. मला ही गोष्ट नगरकडून सांगायची आहे. माझे ठाम मत आहे की ‘हॅपी बर्थडे’, ‘आय अ‍ॅम’, ‘हू केम फर्स्ट’ या तबकड्या जशा ब्रिटिश रॉकच्या इतिहासात बसतात तशाच आपल्या जिल्ह्याच्या इतिहासातही बसतात. नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली, साकोरीला उपासनी महाराज होते, शिर्डीला साईबाबा होते, संगमनेरला अनंत फंदी होऊन गेले. भक्ती आणि गाणे यांचा या मातीतला संसार जुना आहे. लंडनच्या या तबकड्या त्याच घरातल्या आहेत, फक्त फार दूर जन्मलेल्या.

नगरच्या वाचकाला मेहेरबाबा नव्याने सांगायला नकोत, पण बाहेरच्यांसाठी थोडे सांगतो. मेरवान शेरियार इराणी यांचा जन्म २५ फेब्रुवारी १८९४ चा, पुण्यातला. शिक्षण सेंट व्हिन्सेंट शाळेत आणि डेक्कन कॉलेजात. कॉलेजात असताना पुण्यातच झाडाखाली बसणाऱ्या हजरत बाबाजान यांची भेट झाली आणि त्यांचे आयुष्य बदलले. पुढे साकोरीला उपासनी महाराजांच्या सहवासात ते राहिले. १९२३ मध्ये ते नगरजवळ अरणगावला आले. पहिल्या महायुद्धाच्या वेळची लष्कराची छावणी तिथे ओस पडली होती. त्या पडक्या इमारतींत मेहेराबाद उभे राहिले. तिथे शाळा निघाली, दवाखाना निघाला, अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांना इतर मुलांबरोबर बसवले गेले. १० जुलै १९२५ ला त्यांनी मौन धरले आणि ते शेवटपर्यंत सोडले नाही. आधी अक्षरांच्या फळीवर बोट ठेवून, १९५४ नंतर केवळ हातांच्या खुणांनी ते बोलत. ३१ जानेवारी १९६९ रोजी पिंपळगाव माळवीजवळच्या मेहेराझादला त्यांनी देह ठेवला. समाधी अरणगावच्या टेकडीवर आहे. तिच्या भिंतींवरची चित्रे हेलेन डाम या स्विस चित्रकर्तीने १९३८ मध्ये काढलेली आहेत. म्हणजे परदेशी कलावंताचा हात या टेकडीला टाउनशेंडच्या कितीतरी आधी लागला होता.

वृत्तपत्रांचेही तसेच. १९३१ मध्ये बाबा पहिल्यांदा इंग्लंडला निघाले तेव्हा ‘राजपुताना’ या बोटीवर गोलमेज परिषदेला चाललेले गांधीजीही होते. दोघांच्या भेटी तिथे झाल्या. पुढच्या वर्षी ते पुन्हा गेले आणि लंडनच्या वर्तमानपत्रांनी त्यांच्यामागे धाव घेतली. मौन पाळणारा पूर्वेकडचा महात्मा हा बातमीदारांना हवाच असलेला विषय होता. हॉलिवूडमध्ये मेरी पिकफर्ड आणि डग्लस फेअरबँक्स यांनी त्यांचे स्वागत केले. हॉलिवूड बोलमध्ये ते मौन सोडणार अशी घोषणा झाली आणि ती सभा झालीच नाही. पेपरांचा उत्साह ओसरला. दोन वर्षांनी पॉल ब्रंटन यांनी आपल्या प्रवासाच्या पुस्तकात त्यांच्यावर कठोर टीका केली. या साऱ्याचा उल्लेख करतो तो अशासाठी, की सत्तरीच्या दशकातल्या संगीत-पत्रकारितेने बाबांविषयी जे लिहिले त्याची मापे बऱ्याच अंशी १९३२ सालीच घेतली गेली होती. कुतूहल आधी, मग अपेक्षा, मग चमत्कार दिसला नाही म्हणून नाराजी. या चक्राबाहेर जाऊन लिहिणारा टाउनशेंड हा पहिला लोकप्रिय लेखक म्हणावा लागेल, कारण तो बातमीदार नव्हता. तो भक्त होता आणि ते लपवत नव्हता.

तो भक्त झाला कसा? १९६७ मध्ये माइक मॅकिनर्नी या चित्रकार मित्राने त्याला बाबांविषयी सांगितले आणि चार्ल्स पर्डम यांचे ‘द गॉड-मॅन’ हे चरित्र वाचायला दिले. मॅकिनर्नी ‘इंटरनॅशनल टाइम्स’ या लंडनच्या पर्यायी वृत्तपत्राचे कलाकाम पाहत असे. पुढे ‘टॉमी’चे निळ्या जाळीचे मुखपृष्ठ त्यानेच केले. तो काळ एलएसडीचा होता. हार्वर्डमधल्या प्राध्यापकांनी या गोळीत देवदर्शनाची वाट असल्याचे सांगितले होते आणि हजारो मुले ती वाट धरून निघाली होती. मेहेरबाबांनी त्याला स्पष्ट विरोध केला. ‘गॉड इन अ पिल?’ ही त्यांची पुस्तिका १९६६ मध्ये निघाली. नगरला बसून, एक शब्दही न उच्चारता, कॅलिफोर्निया आणि लंडनच्या तरुणांना इतक्या थेटपणे हे सांगणारे दुसरे कोणी त्या वेळी नव्हते. टाउनशेंडवर याचा खोल परिणाम झाला. त्याने ती नशा सोडली. ‘रोलिंग स्टोन’मधल्या लेखातही हा विषय आहे, आणि तो वाचून त्याच्या वयाच्या किती मुलांनी विचार बदलला असेल याची गणती कोणी केलेली नाही, पण लोकप्रिय कलावंताने त्या वर्षी, त्या पाक्षिकात असे लिहिणे हे धाडस होते हे निश्चित.

‘टॉमी’चे ध्वनिमुद्रण लंडनच्या आयबीसी स्टुडिओत सप्टेंबर १९६८ ते मार्च १९६९ असे चालले. म्हणजे ज्या दिवशी मेहेराझादला बाबांनी देह ठेवला त्या दिवशी ही तबकडी अर्धवट होती. न पाहणारा, न ऐकणारा, न बोलणारा मुलगा हा तिचा नायक. त्याच्या आत मात्र अनुभवांचे सारे जग चालू असते. पुढे तो बरा होतो, लोक त्याला गुरू करतात, त्याच्या नावाने शिबिर उघडतात आणि शेवटी त्याच्यावर उलटतात. मौनी गुरूच्या नव्या भक्ताने लिहिलेल्या पहिल्याच मोठ्या रचनेत अनुयायांच्या आंधळेपणावर इतका कडक प्रहार असावा, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते. भाबडेपणाचा आरोप या माणसावर करणाऱ्यांनी ‘टॉमी’चा शेवट ऐकलेला नसतो.

याच तबकडीच्या जन्मात वृत्तपत्राचाही हात आहे. निक कोन हा त्या काळचा तिखट समीक्षक. त्याने कच्चे ध्वनिमुद्रण ऐकले आणि सगळे फार गंभीर, फार आध्यात्मिक झाले आहे असे त्याचे मत पडले. कोनला पिनबॉलच्या यंत्रांचे वेड होते. टॉमी पिनबॉलचा खेळाडू असला तर, असे टाउनशेंडने विचारले आणि त्याचा सूर लगेच बदलला. ‘पिनबॉल विझर्ड’ हे गाणे असे आले. मार्च १९६९ मध्ये ते वेगळे निघाले आणि ब्रिटनच्या यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत पोहोचले. समीक्षकासाठी लिहिलेल्या त्या गाण्याने जे लोक ‘टॉमी’कडे आले, त्यांनी वेष्टणावर वादकांच्या आणि तंत्रज्ञांच्या नावांबरोबर एक ओळ वाचली. त्यात ‘अवतार’ असा हुद्दा होता आणि समोर मेहेरबाबांचे नाव. कोणतेही स्पष्टीकरण नव्हते. लाखो घरांत ते नाव असे पोहोचले.

एक गोष्ट इथे नीट सांगायला हवी. टाउनशेंडने बाबांना कधी पाहिले नाही. फेब्रुवारी १९६८ मध्ये बीटल्स महर्षी महेश योगींकडे ऋषिकेशला गेले तेव्हा जगभरचे छायाचित्रकार मागोमाग गेले. गुरू, शिष्य, हार, नदीचा काठ, सारे छायाचित्रांत आले, आणि मतभेद झाले तेव्हा तेही छापून आले. मेहेरबाबांच्या बाबतीत असे छायाचित्र निघूच शकले नाही. त्यांनी आयुष्याच्या अखेरीस एकांत धरला होता आणि भेटी बंद होत्या. १९६९ च्या एप्रिल ते जूनमध्ये पुण्याच्या ‘गुरुप्रसाद’ बंगल्यात दर्शनाचा कार्यक्रम त्यांनी स्वतः ठरवून ठेवला होता. तो त्यांच्या पश्चात झाला आणि पाश्चात्त्य भक्त रिकाम्या खुर्चीच्या दर्शनाला आले. त्यामुळे या संगीतकारांची भक्ती पुस्तक, पत्र, छायाचित्र, चित्रफीत आणि एकमेकांची संगत यांवर वाढली. वारकऱ्याला यात नवल वाटू नये. ज्ञानोबा-तुकोबांना आज कोणी पाहिले आहे? शब्द आणि गाणे यांच्या आधाराने भक्ती शतकानुशतके चालते हे आपण घरात अनुभवतो. लंडनच्या पत्रकारांना मात्र हे समजायला जड गेले. गुरू भेटला नाही, दीक्षा घेतली नाही, आश्रमात राहिला नाही, मग हा शिष्य कसला, असा प्रश्न त्या काळच्या मुलाखतींत शब्द बदलून पुन्हा पुन्हा डोकावतो.

आता त्या तबकड्यांकडे येतो ज्यांच्यामुळे हे लिहायला घेतले. २५ फेब्रुवारी १९७० हा बाबांचा जन्मदिवस. त्यासाठी टाउनशेंडने मित्रांना गोळा करून ‘हॅपी बर्थडे’ नावाची तबकडी काढली. ती दुकानांसाठी नव्हती. अडीच हजार प्रती, त्याही भक्तमंडळींत वाटण्यासाठी. टाउनशेंडची स्वतःची काही गाणी त्यात होती. ‘डे ऑफ सायलेन्स’ हे त्यातले एक. बाबांचे भक्त दरवर्षी १० जुलैला मौन पाळतात, त्या दिवसाविषयीचे. ‘द सीकर’ही इथे आहे, जे बँडने वेगळेही काढले. मॉड केनेडी यांची एक कविता ‘कंटेंट’ नावाने चालीवर बसवली आहे. आणि कोल पोर्टर यांचे १९३५ चे ‘बिगिन द बेगीन’. हे बाबांचे अत्यंत आवडते गाणे. अरणगावच्या समाधीत त्यांचा देह ठेवला होता त्या दिवसांत ते तिथे वाजवले गेले होते, तशी त्यांचीच इच्छा होती. ब्रॉडवेच्या नाटकातले प्रेमगीत नगरच्या माळरानावर अंत्यदर्शनाच्या रांगेत वाजत होते, हे ज्यांना विचित्र वाटते त्यांनी बाबांचे संगीतप्रेम आठवावे. तरुणपणी ते स्वतः गात, ‘हुमा’ या नावाने गझला लिहीत. जिम रीव्ह्ज या अमेरिकी कंट्री गायकाचे ‘देअर्स अ हार्टेक फॉलोइंग मी’ही त्यांना आवडे. तेही पुढे टाउनशेंडने गायले.

१९७२ मध्ये ‘आय अ‍ॅम’ आणि १९७६ मध्ये ‘विथ लव्ह’ अशा आणखी दोन खासगी तबकड्या निघाल्या. तिन्हींचे गोत्र रॉकच्या बाजारात शोधून सापडणार नाही. गावातले भजनी मंडळ पाहा: कोणी चांगला गातो, कोणी बेताचा, एकाला पखवाज येतो, दुसरा टाळ धरतो, उत्सवाचा दिवस ठरलेला, बिदागीचा प्रश्न नाही, आणि गावातला नामांकित गवई आला तरी तो त्या रात्री मंडळातला एक असतो. ‘हॅपी बर्थडे’ तशी आहे. तिच्यात टाउनशेंडसारखा त्या घडीचा सर्वांत चर्चेतला गीतकार आहे आणि फारसे कोणाला माहीत नसलेले मित्रही आहेत, आणि क्रमवारीत त्यांच्यात उच्चनीच नाही. ध्वनिमुद्रण बरेचसे टाउनशेंडच्या घरच्या स्टुडिओतले. आवाज कुठे कच्चा आहे. मला तो तसाच आवडतो. पॉप समीक्षकांनी या तबकड्यांना ‘द हू’च्या तबकड्यांची फूटपट्टी लावली आणि त्या तोकड्या पडल्या असे लिहिले. फूटपट्टीच चुकीची होती.

त्यातल्या एका गाण्यावर मराठी वाचकाने विशेष थांबावे. रॉनी लेन हा ‘स्मॉल फेसेस’ आणि नंतर ‘फेसेस’ या बँडचा बासवादक. तोही बाबांचा भक्त. त्याचे ‘स्टोन’ हे गाणे १९७० मध्ये ‘फेसेस’च्या पहिल्या तबकडीवर आले आणि ‘इव्होल्यूशन’ या नावाने ‘हॅपी बर्थडे’वर. बाबांच्या ‘गॉड स्पीक्स’ या १९५५ च्या ग्रंथात आत्म्याच्या प्रवासाची जी मांडणी आहे (दगड, धातू, वनस्पती, किडा, मासा, पक्षी, पशू आणि मग माणूस) तीच लेनने लोकगीताच्या ढंगात, पायाने ठेका धरावा अशा चालीत गायली. चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा कीर्तनात ऐकत वाढलेल्या माणसाला हे गाणे परके वाटणारच नाही. कीर्तनकारही हा विषय हसतखेळत, दृष्टान्त देत सांगतो. लंडनच्या पूर्व भागातला, ट्रकचालकाचा हा मुलगा तो तशाच सहजतेने सांगतो. जड तत्त्वज्ञान पेलताना त्याचा आवाज कुठेही घोगरा किंवा उपदेशी होत नाही. या साऱ्या संग्रहातले सर्वांत मोकळे, सर्वांत निरोगी गाणे हेच, असे मला वाटते.

दुसरे गाणे जगाला ठाऊक आहे, त्याचे नाव मात्र अनेकांना माहीत नसते. ‘बाबा ओरायली’ हे ऑगस्ट १९७१ च्या ‘हूज नेक्स्ट’ या तबकडीचे पहिले गाणे. नावातले बाबा म्हणजे मेहेरबाबा आणि ओरायली म्हणजे टेरी रायली हा अमेरिकी संगीतकार, ज्याने छोट्या सुरावटींच्या पुनरावृत्तीतून मोठी रचना उभारण्याचे तंत्र रूढ केले. गाण्यात हे शब्द कुठेच येत नाहीत. सुरुवातीची ती धावती, फिरती सुरावट लाउरी ऑर्गनची आहे. सिंथेसायझरची असे अनेक वर्षे सगळे समजत आले. टाउनशेंडच्या मनात एक विलक्षण कल्पना होती. एखाद्या माणसाची माहिती यंत्राला द्यायची आणि त्यातून त्या माणसाचे संगीत काढायचे. बाबांच्या बाबतीत हा प्रयोग करावा, असा त्याचा विचार होता. ‘लाइफहाउस’ या चित्रपट आणि संगीताच्या प्रकल्पाचा हा भाग होता. शेवटी सर्व श्रोत्यांचे स्वर एकत्र येऊन एकच स्वर उरेल, असा तो प्रकल्प. १९७१ मध्ये लंडनच्या यंग व्हिक नाट्यगृहात त्याने तो करून पाहिला. कोणालाच तो नीट समजला नाही, आणि तो मोडला. उरलेल्या गाण्यांची ‘हूज नेक्स्ट’ झाली. त्या मूळ वाद्यरचनेचा एक लांब तुकडा ‘आय अ‍ॅम’वर आहे, गाण्याचा आतला सांगाडा पाहायचा असेल तर तो ऐकावा.

सारे विश्व एका नादातून आले आणि त्यात मिळेल, ही कल्पना टाउनशेंडला मिळाली हजरत इनायत खान यांच्या लेखनातून. इनायत खान १८८२ साली बडोद्यात जन्मले. त्यांचे आजोबा मौलाबक्ष यांनी सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने १८८६ मध्ये तिथे गायनशाळा काढली होती. पुढे इनायत खान पश्चिमेत गेले, त्यांच्या अमेरिकेतल्या सूफी परंपरेचा एक प्रवाह कालांतराने मेहेरबाबांना येऊन मिळाला. पुण्याचा ‘गुरुप्रसाद’ बंगला बडोद्याच्या महाराणी शांतादेवींचा. बडोदे, पुणे, नगर या मराठी राजकारणाच्या जुन्या वाटा लंडनच्या स्टुडिओत अशा एकत्र आल्या, आणि आपण या गाण्याला परदेशी म्हणत राहिलो.

१९७२ हे साल या कथेच्या मध्यावर आहे. ब्रिटनमध्ये तेव्हा ग्लॅम रॉकची लाट होती. टी. रेक्सचा मार्क बोलन गालावर चमकी लावून टीव्हीवर येत होता, स्लेडची गाणी एकामागून एक पहिल्या क्रमांकावर जात होती, जूनमध्ये डेव्हिड बोवीची झिगी स्टारडस्टची तबकडी आली. ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’ आणि ‘मेलडी मेकर’ ही साप्ताहिके पोशाखांच्या, रंगांच्या छायाचित्रांनी भरलेली असत. त्याच वर्षी टाउनशेंड अरणगावला आला आणि समाधीवर डोके टेकवून गेला. ऑक्टोबरात त्याची पहिली स्वतंत्र तबकडी ‘हू केम फर्स्ट’ निघाली. खासगी तबकड्यांच्या चोरट्या प्रती अमेरिकेत चढ्या भावाने विकल्या जाऊ लागल्या होत्या, म्हणून त्यातल्या काही गाण्यांना उघड प्रसिद्धी द्यावी लागली. मुखपृष्ठावर टाउनशेंड अंड्यांवर उभा आहे. ग्लॅमच्या त्या मोसमात ही तबकडी साधी, काहीशी संकोची होती. तिच्या शेवटी ‘परवरदिगार’ आहे. बाबांनी १९५३ मध्ये देहरादूनला दिलेली ही प्रार्थना मेहेराबादच्या आरतीत रोज म्हटली जाते.

आणि त्याच वर्षी नगर जिल्ह्यात पाऊस आला नाही. बहात्तरचा दुष्काळ म्हटले की आमच्याकडची म्हातारी माणसे आजही वर्षाचा आकडा पुरा उच्चारत नाहीत. खडी फोडायची, पाझर तलावावर माती टाकायची, मिलोच्या लाल भाकरी आणि सुकडी खायची, गुरे मातीमोल किमतीला द्यायची. रोजगार हमीची योजना याच आगीतून निघाली. पर्जन्यछायेतला हा जिल्हा. बरे वर्ष असले तरी पाचशे-सहाशे मिलिमीटरच्या आसपासच. ऑक्टोबर १९७३ मध्ये ‘द हू’ची ‘क्वाड्रोफेनिया’ आली. तिचे शेवटचे गाणे ‘लव्ह, रेन ओअर मी’. बाबा म्हणत की पाऊस हा देवाचा आशीर्वाद आणि गडगडाट हा त्याचा आवाज; त्यावरून ते सुचल्याचे टाउनशेंडने सांगितले आहे. त्याला आपल्या दुष्काळाची किती कल्पना होती ते गाण्यातून कळत नाही, आणि तसा संबंध मी लावणार नाही. पण ज्यांनी हा विचार सांगितला ते आयुष्याचा मोठा भाग नगरच्या कोरड्या आभाळाखाली राहिले होते. पावसाला आशीर्वाद म्हणणे हा इथल्या माणसाचा रोजचा अनुभव आहे. इंग्लंडमध्ये, जिथे पावसाला लोक कंटाळतात, तिथल्या, ‘क्वाड्रोफेनिया’तल्या मुलाने समुद्रकाठी पावसाची याचना करत किंचाळावे, हे नगरच्या विचाराशिवाय घडले नसते.

ग्लॅमचा विषय निघाला आहे म्हणून एक आडवाट. महाराष्ट्राचा ब्रिटिश रॉकशी असलेला दुसरा धागा पाचगणीचा. फारुख बलसारा नावाचा पारशी मुलगा तिथल्या सेंट पीटर्स शाळेत शिकला, मित्रांबरोबर ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढून पियानो वाजवत असे. तोच पुढे फ्रेडी मर्क्युरी. ‘क्वीन’ची पहिली तबकडी जुलै १९७३ ची, आणि सुरुवातीच्या काळात पत्रकारांनी या बँडला ग्लॅमचा उशिरा आलेला पाहुणा ठरवून बरेच झोडपले. फ्रेडीने आपले बालपण मुलाखतींत फारसे उघड केले नाही. पाचगणीचे नाव ब्रिटिश चाहत्यांपर्यंत नीट पोहोचायला पुष्कळ वर्षे गेली. टाउनशेंड मात्र अरणगावचे नाव ज्याच्या-त्याच्याजवळ घेत होता. एक जण इथून गेला आणि गप्प राहिला, दुसरा इथला नसून बोलत राहिला. इराणातून आलेल्या झरतुष्ट्रींच्या दोन घरांतल्या दोन मुलांमुळे, एक मेरवान आणि एक फारुख, सत्तरच्या ब्रिटिश रॉकमध्ये आपला वाटा आहे, हे आपल्या पाठ्यपुस्तकांत यायला हरकत नसावी.

पत्रकारितेविषयी माझे मत थोडक्यात. टाउनशेंडने १९७०-७१ मध्ये ‘मेलडी मेकर’मध्ये स्वतःचे पान लिहिले, ‘रोलिंग स्टोन’ला लांब मुलाखती दिल्या. ‘टॉमी’ची कल्पना त्याने तबकडी होण्याआधीच, सप्टेंबर १९६८ च्या अशाच मुलाखतीत उलगडली होती. तो मनात चाललेले सगळे बोलून टाकणारा माणूस आहे. त्यामुळे त्याच्या विसंगतीही छापून आल्या. मंचावर गिटार फोडणारा आणि मौनाचा महिमा सांगणारा एकच. ३१ मे १९७६ ला लंडनच्या चार्लटन मैदानावर ‘द हू’चा आवाज ३२ मीटरवर १२६ डेसिबल मोजला गेला आणि गिनीज बुकात जगातला सर्वांत मोठ्या आवाजाचा बँड म्हणून नोंदला गेला. त्याच उन्हाळ्यात टेम्सकाठी ट्विकनहॅमला त्याने ‘मेहेरबाबा ओशनिक’ हे केंद्र उघडले. पुढच्या वर्षी रॉनी लेनबरोबर ‘रफ मिक्स’ काढली. दारूने त्याला पुढे फार छळले. १९७८ मध्ये ड्रमवादक कीथ मून गेला. भक्तीने त्याचे आयुष्य सरळ झाले नाही. पत्रकारांना यात ढोंग दिसले. मला त्यात तुकोबांच्या अभंगांतला तळमळणारा, स्वतःवर चिडणारा साधक दिसतो, जो परिपूर्ण असल्याचा दावा करतच नाही.

बाबांच्या नावाची लोकप्रिय संगीतातली वाट पुढेही चालू राहिली. १९८८ मध्ये बॉबी मॅकफेरिनचे ‘डोन्ट वरी, बी हॅपी’ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. ते शब्द बाबांच्या भित्तिपत्रकावरून त्याने उचलले होते. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकच्या समारोपात ‘द हू’ने ‘बाबा ओरायली’ वाजवले. आपल्याकडच्या घराघरांत ते टीव्हीवर दिसले. या गोष्टी शेवटच्या प्रकरणात आहेत, कारण मूळ विषय सत्तरीचे दशक आहे.

ऐकायचे कुठून, हा प्रश्न वाचक विचारतील. तिन्ही खासगी तबकड्यांतली निवडक गाणी २००१ च्या ‘जय बाबा’ या संग्रहात आहेत. ‘हू केम फर्स्ट’ची वाढवलेली आवृत्ती २०१८ मध्ये निघाली. माझा सल्ला असा की ‘इव्होल्यूशन’ने सुरुवात करावी, मग ‘परवरदिगार’, मग ‘आय अ‍ॅम’वरचा लांब वाद्यतुकडा, आणि त्यानंतरच ‘हूज नेक्स्ट’ लावावी.

एक मागणीही इथेच नोंदवतो. नगरला १९६० पासून ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय आहे. निजामशाहीपासूनच्या वस्तू, नकाशे, पत्रे तिथे जपली आहेत. ‘हॅपी बर्थडे’ आणि ‘आय अ‍ॅम’ यांच्या मूळ प्रती, ‘रोलिंग स्टोन’चा तो अंक आणि ‘टॉमी’चे वेष्टण यांना तिथे एक कपाट मिळावे. अरणगावला जुने भक्त येतात, त्यांच्यापैकी कोणाजवळ या वस्तू असतील आणि द्यायची इच्छा असेल, तर संग्रहालयाने त्या मागून घ्याव्यात. अडीच हजार प्रतींपैकी दरवर्षी काही हरवतात, काही परदेशी लिलावात जातात. हे काम पुढच्या अमरतिथीच्या, म्हणजे बाबांनी देह ठेवला त्या ३१ जानेवारीच्या, आत सुरू व्हायला हवे.